सोडली किती, पोचली किती

भोरात कुणाला हळदीच्या गोळ्या सुरू करायच्या असल्या, तर तो आधी तात्यांच्या तावडीत सापडतो आणि मग माझ्या मेडिकलमध्ये येतो. तात्या त्याला 'घेऊ नको' म्हणत नाहीत, 'घे' असंही म्हणत नाहीत. "घेशील रे, पण अंगी किती लागेल?" एवढंच विचारतात आणि पुढचा पाऊण तास त्या माणसाला हलू देत नाहीत. हा कार्यक्रम माझ्या दुकानाच्या पायरीवर होतो, म्हणून मला तो तोंडपाठ आहे. त्यांच्यामुळे माझा खप वाढला की घटला, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.

तात्या पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. घर भोरचं, पण नोकरी सगळी नीरा डाव्या कालव्यावर, बारामती-इंदापूरकडे. भाटघरचं पाणी सुटतं, नदीतून वीरला येतं, तिथून कालव्याला लागतं आणि इंदापूरकडच्या शेवटच्या चारीपर्यंत, टेलपर्यंत, जाताना त्याचं काय काय होतं, ते तात्यांनी डोळ्यांनी बघितलंय. वाटेत जमीन पिते, ऊन पितं, म्हशी डुंबतात, आणि रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी दार उचलून पाणी आपल्या उसाकडे वळवतं. शेवटच्या शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज दिलेला असतो, पाणीपट्टी भरलेली असते आणि त्याच्या चारीत बेडूकसुद्धा कोरडे बसलेले असतात. तो येऊन तात्यांच्या नावाने शंख करायचा. 'सोडलं किती आणि पोचलं किती' हा प्रश्न तात्यांना असा पगारासकट चिकटला. त्यात जन्म भोरचा. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' हे वाक्य आमच्याकडे पोरं पाळण्यातच ऐकतात.

निवृत्त झाल्यावर तात्यांचे गुडघे बोलायला लागले आणि न्यू जर्सीच्या लेकीने हळदीच्या कॅप्सूलची बाटली धाडली. दुसऱ्या कुणी ती निमूट गिळली असती. तात्या बाटली आणि भिंग घेऊन माझ्याकडे आले.

"डॉक्टर, हे पंच्याण्णव टक्के म्हणजे काय?"

(आमच्याकडे मेडिकलवाल्याला डॉक्टर म्हणतात आणि डॉक्टरला साहेब.)

मी सांगितलं, हळदीत जो पिवळा गुणकारी भाग असतो, कर्क्युमिन आणि त्याची भावंडं, तो शंभर ग्रॅम हळदीत सरासरी तीनेक ग्रॅम असतो. जात चांगली असली, वर्ध्याकडच्या वायगावची वगैरे, तर जास्त. या कॅप्सूलमध्ये पाचशे मिलिग्रॅम अर्क आहे आणि त्यातला पंच्याण्णव टक्के तोच भाग आहे. तात्यांनी पायरीवर बसून पेन्सिलीने हिशेब मांडला. एका कॅप्सूलमध्ये साधारण पाच चमचे हळद. काकू आख्ख्या घराच्या आमटीला अर्धा चमचा घालतात.

"म्हणजे आजवर आम्ही हळद खाल्लीच नाही म्हणायची," तात्या म्हणाले. मग लगेच त्यांच्यातला कालवा निरीक्षक जागा झाला. "हे झालं सोडलेलं पाणी. पोचतं किती?"

आता इथे मी गप्प बसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं, पण विचारल्यावर सांगणं हा माझा धंदा. हळदीचा हा भाग पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. पोटात गेलेल्यातला बराचसा तसाच बाहेर पडतो. जो थोडा आतड्याच्या भिंतीत शिरतो, त्याला ती भिंत आणि पुढे लिव्हर लगेच साखरेसारख्या एका रेणूशी बांधून टाकतात. बांधला की तो पाण्यात विरघळतो आणि बाहेर जायच्या वाटेला लागतो. रक्तात मोकळं कर्क्युमिन सापडलं तर नशीब.

"आणि हे वीसपट?" तात्यांनी बाटलीवरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवलं.

तो आकडा आपल्याच देशातला आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली छापलेला. त्यांनी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं, आणि मग त्याच्यासोबत वीस मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे काळ्या मिरीतला तिखट भाग. मिरी लिव्हरचं ते बांधायचं काम काही काळ अडवते. मिरीबरोबर दिलं तेव्हा शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हळदीच्या निम्म्या गोळ्यांत जी मिरी असते ती त्या एका प्रयोगाच्या जिवावर.

"ते झालं. पण वीसपट कशाच्या?"

नुसतं दिलं तेव्हा रक्तात एक तर काहीच सापडलं नव्हतं, किंवा जेमतेम.

तात्यांनी भिंग खिशात घातलं. "नाहीच्या वीसपट," ते म्हणाले. "हे आमच्याच खात्यातलं कुणीतरी असणार."

त्यांचा चेहरा उजळलेला होता. इतक्या वर्षांनी त्यांना कामाचं काही मिळालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर सुरू झालं. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याचं, खात्यातून आलेलं दिसत होतं, मी विचारलं नाही. रकाने तीन: सोडली, पोचली, गळती. पहिला रकाना सोपा. गळतीच्या रकान्यासाठी तात्या रोज पहाटे टेलची तपासणी करायचे. म्हणजे काय ते सुज्ञांनी ओळखावं. काकूंनी ओळखलं होतं आणि त्यांनी त्या खोलीतला बल्ब कमी वॅटचा लावला. तात्यांनी दुसऱ्या दिवशी बॅटरी नेली.

मग सुधारणा. कालव्याची गळती थांबवायला खातं त्याला आतून काँक्रीटचं अस्तरीकरण करतं. तात्यांनी आतड्याचं अस्तरीकरण हाती घेतलं, साजूक तुपाने. पहाटे लोखंडी पळीत तूप कडकडीत करायचं, त्यात दोन कॅप्सूल फोडून टाकायच्या, वर मिरपूड. कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क आधीच असतो हे मी सांगितलं. "ती सरकारी मिरी," तात्या म्हणाले, "ही घरची." पळी पिवळी, ओटा पिवळा, मिशा पिवळ्या. बनियन तर असे झाले की काकू ते दोरीवर वाळत घालताना बाहेरच्या बाजूने चादर लावायच्या. महिन्याभरात तुपामुळे कोलेस्टेरॉल वाढलं. तात्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं की हळद कोलेस्टेरॉलवर चांगली. म्हणून एक कॅप्सूल वाढली. तिला लागणारं तूप वाढलं.

माझ्याकडे कंपन्यांचे प्रतिनिधी येतात. कुणाची हळद चरबीच्या पुडीत बांधलेली, कुणाची नॅनो, कुणाची दुधासारखी फेटलेली. कुणी तीसपट सांगतो, कुणी त्याच्या कितीतरी पुढे जातो. तात्या पायरीवर टपून असायचे. एका टाय लावलेल्या पोराला त्यांनी विचारलं, "रक्तात मोजलं ते मोकळं की बांधलेलं?" पोराने माझ्याकडे बघितलं. प्रश्न बिनतोड होता. काही ठिकाणी रक्तातलं मोकळं कर्क्युमिन मोजतच नाहीत. लिव्हरने बांधून टाकलेलंही सोडवून हिशेबात धरतात आणि आकडा फुगतो. मी हे एकदा सांगितलेलं तात्यांनी लगेच ओळखलं होतं. "कागदावर भिजलेलं क्षेत्र," ते म्हणाले होते. "त्यात ऊस कधी उगवत नाही. प्रमोशनं मात्र होतात."

ते पोर परत आमच्या बाजूला आलं नाही.

तात्यांचा हळदीवरचा अभिमान वेगळ्याच खात्यात जमा आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या नावावर जखमेवरच्या हळदीचं पेटंट निघालं, ते माशेलकरांच्या सीएसआयआरने जुने कागद, जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ही कथा तात्या अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं वकीलपत्र त्यांच्याकडेच होतं. ती सांगताना ते शोषणाचा मुद्दा काढत नाहीत. देशाभिमानात गळती धरत नसावेत.

आषाढात एकदा तात्यांना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे सोडायला मी मोटारसायकल काढली. आक्का वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याला राहतात. तालुक्याचं नाव कागदोपत्री आता राजगड झालंय, पण एसटीतली माणसं अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतात. चेलाडी फाट्यावरून आत वळलो, मार्गासनी मागे पडली, दोन्ही बाजूंना भात लावणी चाललेली, गुडघाभर चिखलात बाया वाकलेल्या, इरली, प्लॅस्टिकचे कागद. उतारावर रानहळद फुलली होती. तात्यांनी गाडी थांबवायला लावली, पावसात खाली उतरले आणि ओणवून फुलाकडे बघत राहिले. मला वाटलं, म्हातारा माणूस, निसर्ग बघतोय.

"हिच्यात किती टक्के असेल हो?"

आक्का ही तात्यांची मोठी आशा होती. परसातली हळद, शिमग्याच्या आसपास काढलेली, चुलीवर उकडलेली, घरच्या उखळात कुटलेली, आणि ती सत्तर वर्षं रोजच्या कालवणात. एवढं दीर्घ आवर्तन अख्ख्या जिल्ह्यात कुणी दिलं नसेल. तात्यांनी रजिस्टरचं नवं पान उघडलं आणि विचारलं, "आक्के, गुडघे कसे आहेत?"

"त्यांचं काय इचारतो? खाली बसले तर उठाया दोन बाया लागत्यात."

तात्यांची पेन्सिल थांबली. सत्तर वर्षांचं पाणी, आणि टेल कोरडं. ते बराच वेळ पावसाकडे बघत बसले. मग पिशवीतून एक बाटली काढून आक्कांच्या हातात दिली, सकाळ-संध्याकाळ एक, जेवणानंतर, तुपासोबत, असं तीनतीनदा बजावलं. आक्कांनी किंमत विचारली. तात्यांनी सांगितली. आक्कांनी बाटली पदराखाली घेतली.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर आक्कांनी जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी आणि घेवड्याचं कालवण. कालवणाचा रंग असा की ताटाला धरला. तात्यांनी पहिला घास घेतला, आणि चावता चावता त्यांचे डोळे बारीक झाले. एवढे महिने पहाटे तीच चव जिभेवर घेतलेला माणूस. ओळखणार नाही तर काय.

"आक्के, गोळ्या घेतल्यास ना?"

"आरं, त्या गिळवत न्हाईत मला. नरड्यात आडकत्यात. फोडून फोडणीत टाकते. तिखाटबी बरं येतं, मिरची वाचती. पोरंबी खात्यात, सूनबी खाती. येवढी म्हागाची, एकटीनं कशापायी खायाची?"

मी भाकरीकडे बघत राहिलो, कारण तात्यांकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. गरम तेल आलं, मिरी आली, भरल्या पोटी आली, वर वाटपही समान झालं. तात्या वर्षभर पळी घेऊन जे साधत होते ते आक्कांनी एका फोडणीत उरकलं होतं, आणि रजिस्टर नव्हतं. तात्यांनी शेवटी मनावर दगड ठेवून विचारलं, "मग गुडघ्यांना काही फरक?"

"गुडघं हायती तसं हायती. कालवान चांगलं होतंय."

हळदीच्या अर्काने गुडघेदुखीला थोडा आराम पडतो असं काही लहान चाचण्यांत दिसलंय. मी ते वाचलंय आणि गिऱ्हाइकाला तेवढंच सांगतो, वर एक शब्द नाही. पण थोड्यावर तात्यांचं कसं भागणार? परतताना पाबे घाटाकडचे ढग खाली आले होते आणि मागच्या सीटवरून आवाज येत होता: "डॉक्टर, तेल नव्हे, तूपच पाहिजे. आणि मिरी कमी पडतेय. सगळी चोरी त्या लिव्हरची आहे. एकदा ते बंद पाडलं पाहिजे."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, तात्या, लिव्हर पाणचोर नाही. आत काय सोडायचं आणि काय नाही, हे बघायला बसवलेलं ते तुमच्यासारखंच निरीक्षक आहे. तुम्ही त्याला मिरीने बांधून ठेवलंत तर हळदच काय, तुमची बाकीची औषधंही नको तेवढी आत घुसतील. फिटची गोळी फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल, असं नोंदवलेलं आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्याने तर विचारल्याशिवाय हात लावू नये. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एखाद्या शाखा अभियंत्याचं ऐकावं तसं. त्यांच्यावर त्याचा तसाच परिणाम झाला.

दिवाळीच्या आधी तात्या दुकानात आले ते प्रसन्न चेहऱ्याने. काउंटरवर दोन्ही हात ठेवून खालची पापणी ओढून दाखवली.

"बघा. रंग चढला."

डोळे पिवळे होते. हळदीसारखेच म्हणावे असे.

"चारपाच दिवस झाले," तात्या सांगत होते, "टेललासुद्धा गडद पिवळं पाणी आहे. जेवण जात नाही तेवढं, पण ते अंगी लागल्यामुळे असेल."

मागे काकू उभ्या होत्या. "लोक म्हणतात पी हळद आणि हो गोरी," काकू म्हणाल्या, "ह्यांचं बघा काय झालं ते. साहेबांकडे न्या हो ह्यांना."

साहेबांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा मी होतो. काविळीचे विषाणू नाहीत, दारू तात्यांनी जन्मात घेतली नाही. साहेबांनी विचारलं, काय काय खाता? तात्यांनी रजिस्टर पुढे केलं. इतकी तपशीलवार माहिती साहेबांना कुठल्या पेशंटने कधी दिली नसेल; तारीख, वेळ, तूप किती, मिरी किती, गळती किती. साहेबांनी चार पानं वाचली, चष्मा काढला आणि सांगितलं की हे सगळं आजपासून बंद. हळदीच्या अर्काने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटलीत २०१९ साली एकदम पुढे आल्या होत्या. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशाच केसेस मांडल्या, त्यातल्या काही गोळ्यांत मिरी होती आणि बऱ्याच जणांत एक ठरावीक जनुकीय ठेवण सापडली. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं. ज्याला होतं त्याला आधी कळत नाही. आमटीतली हळद खा, ती चालते.

"आकडा किती आलाय?" तात्यांनी विचारलं.

"एसजीपीटी? नॉर्मलच्या दहापट."

"दहापट?" तात्या माझ्याकडे वळले. आवाजात फसवणूक झाल्याचं दुःख होतं. "बाटलीवर वीसपट लिहिलंय."

साहेबांनी पुन्हा चष्मा लावला. तात्यांनी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं, रजिस्टर ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'पोचली' हा रकाना भरला. वेळ, वार, आकडा. समोर गळतीत लिहिलं: निम्मी.

गोळ्या बंद झाल्या, तूप बंद झालं, पळी काकूंनी भंगारात दिली. अडीच-तीन महिन्यांत रिपोर्ट सुधारले, डोळे पांढरे झाले, आणि गुडघे होते तिथेच राहिले. कपाटात बाटल्या मात्र होत्या. उघडलेल्या बाटल्या मी परत घेऊ शकत नव्हतो. लेकीला परत पाठवाव्यात तर टपालखर्च बाटलीपेक्षा जास्त. फेकायला तात्यांचा हात होईना. काकूंनी त्या आजारपणात जेजुरीला भंडारा उधळायचं बोललं होतं. तात्यांच्या डोक्यात दोन्ही कामं एकत्र आली. आदल्या रात्री बसून त्यांनी राहिलेल्या सगळ्या कॅप्सूल फोडल्या आणि भंडाऱ्याच्या पिशवीत कालवल्या. काकूंना हे ठाऊक नव्हतं. मला होतं, पण देवाच्या कामात मेडिकलवाल्याने बोलू नये.

रविवार होता, गडाच्या पायऱ्यांवर मुंगीला वाट नव्हती. मंदिरापुढे पोचल्यावर तात्यांनी मूठ भरून घेतली, वाऱ्याचा अंदाज घेतला, थोडं डावीकडे सरकले, पुन्हा अंदाज घेतला. बाकीची माणसं नुसतीच उधळत होती. मग त्यांनी 'येळकोट येळकोट'चा गजर करून मूठ सोडली.

'जय मल्हार' म्हणायला तोंड उघडलेला पुढचा वाघ्या शिंकला. त्याच्या शेजारचं जोडपं शिंकलं. नवरीच्या मुंडावळ्या नाकावरून हलल्या आणि तिची करवलीही शिंकली. काकूंनी पदर नाकाला लावून तात्यांकडे असं बघितलं की मी चार पायऱ्या खाली उतरलो. एका पोराने डोळे चोळत विचारलं, "ओ काका, कसला भंडारा म्हनायचा हा?"

"पंच्याण्णव टक्के," तात्या म्हणाले, आणि दुसरी मूठ भरली.